शिकाऊ भाषाशिक्षकांच्या ऑनलाइन मीटिंगा: "मस्त झालं गं" च्या पुढे कसं जायचं?

शिकाऊ_शिक्षिका

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, वेळ असेल तर वाचा.

मी भाषा शिकवण्याचं ट्रेनिंग घेतेय. आमच्या बॅचमधल्या काही जणांनी मिळून एक छोटा ग्रुप केलाय, सगळे वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, कुणी इंग्रजी शिकवतंय, एक जण जर्मन, एक जपानी आणि मी मराठी, म्हणजे ज्यांची मातृभाषा मराठी नाही अशा मोठ्या माणसांना. कोर्सचे तास वेगळे, त्याशिवाय आम्ही आपापलं आठवड्यातून एकदा तासभर व्हिडिओवर भेटतो. ट्रेनर त्यात नसतो, ते आम्ही मुद्दामच ठरवलेलं, म्हणजे मोकळेपणाने बोलता येईल.

भेटायला सगळ्यांना आवडतं, कुणी सहसा दांडी मारत नाही. पण होतं काय, की प्रत्येक जण आपला आठवड्याचा क्लास कसा झाला ते सांगतो, बाकीचे "मस्त", "अगं माझ्याकडेही सेम" वगैरे म्हणतात, मग पुढचा. तास संपतो. मन हलकं होतं हे खरंय आणि ते मला कमी महत्त्वाचं वाटत नाही, एकट्याने शिकवायला शिकणं फार एकटं पाडतं. पण दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये उभं राहिल्यावर कालच्या मीटिंगमधलं हातात काहीच नसतं. शिवाय बोलणारे तेच ते दोघं, दोन जणांचा कॅमेरा कायम बंद, आणि "कुणाला काही विचारायचंय का?" म्हटलं की जी शांतता पसरते ती मोडायला परत त्याच दोघांपैकी कुणीतरी बोलतं.

तर तुमच्यापैकी ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा ना, मीटिंगमध्ये नक्की करायचं काय? क्लासचं रेकॉर्डिंग दाखवावं का? भाषा वेगवेगळ्या असणं फायद्याचं की अडचणीचं? मला खरंच या ग्रुपमधून शिकायचंय, तो नुसता गप्पांचा राहू नये असं फार वाटतं.

---

खडू_फळा

प्रश्न आवडला. मी बरीच वर्षं शिकाऊ शिक्षकांबरोबर काम करतोय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुमच्या मीटिंगमध्ये क्लास नाहीये, क्लासबद्दलची आठवण आहे. माणूस आठवणीतून सांगतो तेव्हा स्वतःबद्दलच सांगतो, मी असं केलं, मला असं वाटलं, माझा वेळ पुरला नाही. समोरच्याने त्यावर बोलायचं तरी काय? धीर देणार किंवा स्वतःची आठवण सांगणार. म्हणून रेकॉर्डिंग आणाच, पण अख्खा तास नको, तीन-चार मिनिटांचा तुकडा पुरे आणि तो ज्याचा क्लास आहे त्याने स्वतः निवडलेला. शक्य असेल तर तेवढ्या तुकड्यात कोण काय बोललं ते शब्दशः टाइप करून आणा. कंटाळवाणं काम आहे पण निम्मं शिकणं त्या टाइप करण्यातच होतं, कारण तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपण किती बोलतो आणि मुलं किती कमी.

दुसरं म्हणजे पहिल्या फेरीत शिक्षकाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. फक्त विद्यार्थी काय म्हणाला, कुठे अडला, कुणाकडे बघितलं एवढंच. "छान", "बरोबर", "चुकलं" हे शब्द बंद. मिरियम शेरिन आणि एलिझाबेथ व्हॅन एस या दोघींनी गणिताच्या शिक्षकांचे 'व्हिडिओ क्लब' चालवून अभ्यास केलाय, शिक्षक नियमित भेटून एकमेकांच्या क्लासच्या क्लिप बघायचे. सुरुवातीला चर्चा सगळी शिक्षिकेने काय करायला हवं होतं याची, आणि हळूहळू ती विद्यार्थी नक्की काय विचार करतोय याकडे सरकली. पण ते आपोआप झालं नाही, चर्चा चालवणारी व्यक्ती दर वेळी "ते त्या मुलाच्या कुठल्या वाक्यावरून वाटलं?" असं विचारत राहिली की मगच होतं.

उदाहरण देतो म्हणजे कळेल. असा एक तुकडा समजा:

बाई: सुट्टीत कुठे गेला होतात?
विद्यार्थिनी: मी माझी भाऊकडे गेले.
बाई: अच्छा, माझ्या भावाकडे गेले! मग, मजा आली?
विद्यार्थिनी: हो.

आठवणीतून सांगताना बाई म्हणणार "मी तिची चूक सुधारली आणि गप्पाही चालू ठेवल्या". आणि दोन्ही खरं आहे. पण कागदावर बघा, ते "हो" कशाला आहे? मजा आली का, त्याला. "माझ्या भावाकडे" हे तिने ऐकलं की नाही हे आपल्याला कळायला मार्गच नाही, कारण बाईंनी सुधारलेलं वाक्य आणि पुढचा प्रश्न एका दमात म्हटला, तिला तोंड उघडायला फट ठेवली नाही. चूक न दाखवता बरोबर वाक्य आपणच म्हणून पुढे जाणं, याला रीकास्ट म्हणतात. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन वर्गांवर (म्हणजे जिथे इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकवतात) अभ्यास छापला, त्यात शिक्षकांच्या सगळ्या सुधारणांपैकी निम्म्याहून जास्त रीकास्ट होत्या आणि मुलांकडून सगळ्यात कमी प्रतिसाद त्यांनाच मिळत होता. उलट शिक्षक मधेच थांबून "म्हणजे कुणाकडे?" असं काढून घ्यायचे तेव्हा मुलं काहीतरी म्हणायचीच. आता यावरून रीकास्ट वाईट असं कुणी ठरवू नका, विद्यार्थी मोठ्याने म्हणाला नाही म्हणजे त्याने घेतलंच नाही असं नसतं. पण हा प्रश्न पडायला तरी समोर चार ओळी लागतात.

आणि क्लिप बघून झाल्यावर गोष्ट तिथेच सोडू नका. 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि मंडळींनी मायक्रोटीचिंग सुरू केलं तेव्हा त्यात नुसतं रेकॉर्डिंग बघणं नव्हतं. छोटा पाठ, थोडे विद्यार्थी, एकाच कौशल्यावर लक्ष, मग बघायचं, बोलायचं आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. बऱ्याच ठिकाणी ते शेवटचं "पुन्हा" गळून पडलं आणि राहिली फक्त टीका. तुम्ही ते ठेवा, वरच्या चार ओळी मीटिंगमध्येच परत करून बघा, एकीने विद्यार्थिनी व्हायचं, दुसरीने बाई, दोन मिनिटांत होतं.

---

कोरेवा

वरच्यांनी क्लिपबद्दल सगळं सांगितलंच आहे म्हणून मी फक्त भाषा वेगवेगळ्या असण्याबद्दल लिहितो, ते तुमचं घबाड आहे हो!! सोडू नका.

दर मीटिंगला पहिली दहा मिनिटं एकाने बाकीच्यांना आपली भाषा शिकवायची, आणि तीही मधे मराठी-इंग्रजी न आणता. आमच्याकडे जपानीवाल्या मुलीने पेन दाखवून "कोरे वा पेन देस्" (म्हणजे "हे पेन आहे") म्हटलं, मग पुस्तक, मग चावी, तिला वाटलं किती सोपंय. आम्हाला तिसऱ्या वस्तूपर्यंत शब्द कुठे संपतो हेच कळत नव्हतं, मी "कोरेवा" हा एक शब्द धरून बसलेलो (म्हणून हे नाव) आणि एका मैत्रिणीला वाटलं की ते "बघा बघा" असं काहीतरी आहे. हे आम्ही तिला नंतर सांगितलं तेव्हा ती वही काढून लिहून घ्यायला लागली, कारण तिचे नवखे विद्यार्थी हे तिला कधीच सांगू शकणार नाहीत, त्यांच्याकडे तेवढी भाषाच नसते. तुमच्याकडे तसे विद्यार्थी आहेत जे मोठे आहेत, शिक्षक आहेत आणि आपल्याला काय कळलं नाही ते नेमकं सांगू शकतात. असं कुठे मिळतं?

आणि क्लिप बघतानाही भाषा न येणाराच जास्त बघतो, ज्याला मराठी येतं तो लगेच व्याकरणात शिरतो, न येणारा म्हणतो "ती मुलगी उत्तर द्यायच्या आधी शेजारणीच्या वहीत बघत होती".

---

आवाजी

मी त्या शांततेबद्दल लिहिते कारण लोक त्याचा दोष स्वतःला देतात, "आमचा ग्रुपच बुजरा आहे" वगैरे, आणि तसं नसतं.

माणसं समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. टान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दहा भाषा तपासल्या, थोडाफार फरक सोडला तर सगळीकडे तेच. म्हणजे आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं जुळवत असतो. आता व्हिडिओ कॉलमध्ये आवाज पोचायलाच उशीर होतो, एका दिशेला 150 मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे आणि नेट जरा गचाळ असलं की तो त्याच्या पुढे जातो. मग दोघं एकदम सुरू होतात, दोघं एकदम थांबतात, "नाही नाही तू बोल", "नाही तू", आणि असं दोन-तीनदा झालं की भिडस्त माणूस पुढच्या वेळी प्रयत्नच सोडतो. उरतो तो ज्याला आडवं बोलायचं वाईट वाटत नाही. तुमचे "तेच ते दोघं" असेच तयार झाले असतील, त्यांचाही दोष नाही.

मग उपाय काय, तर "कुणाला काही विचारायचंय का" हा प्रश्न ऑनलाइन विचारूच नये. क्लिप संपली की दोन मिनिटं सगळे म्यूट, प्रत्येकाने चॅटमध्ये एक ओळ लिहायची पण पाठवायची नाही, आणि मग "आता" म्हटलं की सगळ्यांनी एकदम एंटर. सगळ्यांचं सगळ्यांसमोर येतं, आधीच्याचं वाचून कुणी आपलं मत बदलत नाही, आणि ज्याची ओळ वेगळी आहे त्याला नाव घेऊन विचारता येतं. आम्ही हे सुरू केल्यापासून कॅमेरा बंद ठेवणाऱ्या मुलीच्या ओळी सगळ्यात बारकाईच्या असतात हे कळलं. तिला कॅमेरा चालू कर म्हणून मागे लागू नका, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसत राहणं हे थकवण्याचं एक कारण आहे असं स्टॅनफर्डच्याच जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये मांडलंय, हवं तर स्वतःची खिडकी लपवायला सांगा, ती सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा!! मेरी बड रो यांनी शाळांमधल्या वर्गांत मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात, तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. ऑनलाइन तर म्यूट काढायलाच दोन सेकंद जातात, म्हणून मी मनात सावकाश सातपर्यंत मोजते. फार लांब वाटतं, पण कुणीतरी बोलतं. हे मीटिंगमध्ये जमलं की क्लासमध्येही जमतं, सवय तीच आहे.

एक खास भाषावाल्यांसाठी. उच्चाराबद्दलची चर्चा मीटिंगच्या आवाजावरून करू नका. ही अ‍ॅपं मागचा गोंगाट कापतात आणि त्यात हळू आवाजातले व्यंजनांचे बारकावे पण कधीकधी कापले जातात, स्पीकर लावून दोघं एकदम बोलले तर एकाचा आवाज दबतो. ळ म्हटला की ल, च चमच्यातला की चहातला, यावर वाद घालायचा असेल तर विद्यार्थ्याच्या आवाजाची फाइल आधी पाठवा आणि प्रत्येकाने हेडफोन लावून ऐकून यायचं. आणि सगळ्यांनी एकत्र म्हणायचा सराव ऑनलाइन करायचाच नाही, प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने येतो, नुसता गोंधळ होतो. सगळ्यांना म्यूट करून आपापलं म्हणू द्या आणि एकेकाला मधे अनम्यूट करा.

---

शिकाऊ_शिक्षिका

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद. ती एकदम एंटर दाबायची आयडिया मी आजच ग्रुपवर टाकली आणि जी मुलगी कधी बोलत नाही तिचाच पहिला अंगठा आला!

दोन गोष्टी अजून विचारते. एक, आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे की आता ट्रेनरना बोलवूया, म्हणजे दिशा मिळेल, मला कळत नाहीये. दोन, क्लिप दाखवायला एक जण तयार नाहीये, तो म्हणतो मला सगळ्यांसमोर फाडून खाल्ल्यासारखं होईल. त्याला काय सांगू?

---

शब्दसखा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. त्याला समजावू नका, क्रम बदला. क्लिप ज्याची आहे त्याने आधी स्वतःचा एक प्रश्न मांडायचा, उदा. "इथे हे दोघं का गप्प झाले ते मला कळत नाहीये". मग बाकीच्यांनी फक्त त्याच प्रश्नावर बोलायचं आणि तोवर त्याने म्यूटवर राहून ऐकायचं, उत्तर द्यायची सक्तीच नाही. शेवटी त्याने सांगायचं की यातलं मी काय घेऊन जातोय. असं केलं की तपासायला क्लासमधला एक पेच येतो, माणूस येत नाही. सुरुवात ग्रुपमध्ये ज्याला सगळ्यात जास्त अनुभव आहे त्याच्या क्लिपने करा, आणि मुद्दाम अशी क्लिप ज्यात काहीतरी फसलंय. जो तयार नाही त्याला अजून थोडे आठवडे नुसतं बघू द्या.

आता ट्रेनर. माझं मत, दर वेळी नको. सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड यांनी 1975 मध्ये वर्गातल्या बोलण्याचा साचा दाखवला होता, शिक्षक विचारणार, विद्यार्थी उत्तर देणार, शिक्षक त्यावर शेरा मारणार, आणि परत पुढचा प्रश्न. ट्रेनर मीटिंगमध्ये आला की नेमकं हेच सुरू होतं, मोठी माणसं असली तरी. सगळे त्याच्याकडे बघून बोलतात, एकमेकांशी बोलणं बंद, आणि जो तो वाट बघतो की ते "बरोबर" म्हणतात का. ज्या मोकळेपणासाठी तुम्ही ग्रुप केला तोच जातो.

त्याऐवजी मी म्हणेन एक पाठ मिळून बनवा. जपानमधल्या शाळांमध्ये ही पद्धत फार जुनी आहे, जुग्यो केंक्यू म्हणतात, इंग्रजीत लेसन स्टडी. काही शिक्षक मिळून एकच पाठ बारकाईने आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे बघत टिपणं काढतात, मग बसून बोलतात आणि पाठ सुधारतात. बरेचदा दुसरा शिक्षक तो सुधारलेला पाठ दुसऱ्या वर्गात घेतो. तुम्हाला वर्गात बसता येणार नाही पण क्लिप आहेच.

तुमच्या भाषा वेगळ्या आहेत म्हणून एकच पाठ कसा, असं वाटेल. तर व्याकरणावरून आखू नका, विद्यार्थ्याला काय करता यायला हवं त्यावरून आखा. युरोप परिषदेने 2001 मध्ये भाषांसाठी जो सामाईक संदर्भ आराखडा काढला, ए1 (अगदी नवखा) ते सी2 (एकदम सफाईदार) अशा पायऱ्यांवाला, त्याची सगळी वाक्यं "असं असं करू शकतो" अशीच आहेत आणि कुठल्याही एका भाषेची नाहीत. समजा तुम्ही ए2 चं घेतलं, साधं आमंत्रण देणं, आणि ते स्वीकारणं किंवा नाकारणं. मग जर्मनवाला, जपानीवाली, इंग्रजीवाले आणि तुम्ही, सगळे एकच पाठ आपापल्या भाषेत आखणार. आणि मग खरी मजा येते, कारण नाकारायची रीत प्रत्येक भाषेत निराळी, तुमच्या विद्यार्थ्याला "बघतो, जमवतो" म्हणजे बहुतेक वेळा नाही हे शिकवायचं की नाही, शिकवायचं तर कधी, हे तुम्हाला ठरवावं लागेल आणि इतरांना समजावून सांगावं लागेल. समजावून सांगताना आपलं आपल्यालाच कळत जातं.

ऑनलाइन मिळून शिकण्याबद्दल रॉबर्ट ओ'डाउड आणि पेज वेअर यांनी 2009 मध्ये कामांचे तीन प्रकार केले होते, एकमेकांना माहिती सांगणं, मग तुलना करणं, आणि मग मिळून काहीतरी बनवणं. तुमचा ग्रुप पहिल्यावर अडकलाय एवढंच. एका सामाईक डॉक्युमेंटमध्ये सगळे एकाच वेळी पाठ लिहायला लागलात की तिसऱ्यावर आपोआप जाल, आणि ते डॉक्युमेंट पुढच्या आठवड्यात हातात राहतं.

---

खडू_फळा

@शब्दसखा, बाकी सगळं पटलं पण ट्रेनरबद्दल थोडा वेगळा विचार आहे माझा. सगळे शिकाऊच असतील तर कधीकधी पूर्ण ग्रुप एखाद्या चुकीच्या गोष्टीवर एकमताने खूश होतो, आणि ते मोडायला कुणीच नसतं. विशेषतः भाषेबद्दलचे नियम, एकाने ठामपणे सांगितलं की बाकीचे मान डोलावतात, त्यातून ज्यांना ती भाषाच येत नाही ते तर काहीच म्हणू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक मीटिंगच्या डॉक्युमेंटमध्ये खाली एक कप्पा ठेवा, "हे आम्हाला ठरवता आलं नाही", आणि कधीतरी ट्रेनरना फक्त त्या कप्प्यासाठी बोलवा. त्यांनी आधी वाचून यायचं, शेवटची वीस मिनिटं उत्तरं द्यायची. म्हणजे मोकळेपणाही राहतो आणि चुकीचं काही पक्कं होत नाही.

---

आवाजी

सगळं ठीक पण रेकॉर्डिंगची परवानगी कुणी बोललंच नाही! विद्यार्थ्यांना आधी विचारा, लेखी, आणि त्यात स्पष्ट सांगा की कोण बघणार, कशासाठी, आणि कधी डिलीट होणार. लहान मुलं असतील तर पालकांचीही, शिवाय तुमच्या संस्थेचीही, आणि एकही जण नाही म्हणाला तर तो दिसणार-ऐकू येणार नाही असा तुकडा घ्या. क्लिप कुठेही लिंकवाल्या उघड्या फोल्डरमध्ये टाकू नका, मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून दाखवायची आणि फाइल ज्याची त्याच्याकडेच ठेवायची, आणि ती दाखवत असताना मीटिंगचं रेकॉर्डिंग बंद. स्क्रीन शेअर करताना आवाज शेअर करायचं बटण वेगळं असतं ते आधी तपासून ठेवा, नाहीतर सगळे मूकपट बघत बसतात आणि पाच मिनिटं तिथेच जातात.

कॅमेऱ्याला परवानगी नसेल तर नुसता आवाज चालतो, तोही नको असेल तर नावं बदलून टाइप केलेल्या चार ओळी आणा. वर भाऊकडे गेलेल्या मुलीचं उदाहरण आपण सगळ्यांनी नुसतं वाचूनच समजून घेतलं की.